‘मी ठरवलं’ या दोन शब्दांबद्दल

तुमची प्रतिक्रिया गेल्या शनिवारी वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण पहिल्या दोन दिवसांत जे सुचत होतं ते सगळं स्वतःची बाजू सावरणारं होतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीत एका सरकारी बँकेत मी अडतीस वर्षं क्लार्क होते, दोनदा बढती नाकारली आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘काकू, तुम्ही बायकांच्या माघारीला समाधान म्हणताय. तुमच्या पिढीने नकार दिले म्हणून झोनल ऑफिसच्या मीटिंगला आजही मी एकटीच बाई असते. आणि तुम्ही सोडलेली जागा काही रिकामी राहिली नसेल, दुसरी कुणीतरी गेली असेल.’ शेवटी हेही सांगितलंत, की तुम्हाला स्केल थ्रीची, म्हणजे सीनियर मॅनेजरची बढती आली आहे, परराज्यात जावं लागेल, मुलगा चार वर्षांचा आहे, आणि माझा लेख तुम्हाला घरच्यांनीच वाचायला पाठवला.

या शेवटच्या वाक्याने मी हादरले. माझं लिहिणं कुणाला अडवायला वापरलं जाईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणून लेखात जे गाळलं होतं ते आज लिहिते.

१९८४ साली बी.एस.आर.बी.ची, म्हणजे बँक भरती मंडळाची परीक्षा देऊन मी नोकरीला लागले. सी.ए.आय.आय.बी. या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेचा पहिला भाग सुटला, त्याची इन्क्रिमेंट मिळाली, दुसऱ्याचा अभ्यास चालू होता. १९९३ मध्ये प्रमोशनच्या यादीत नाव आलं. पोस्टिंग विदर्भातल्या एका ग्रामीण शाखेत. मुलगी तेव्हा तीन वर्षांची.

त्या रात्री घरात कुणीही ‘नको’ म्हणालं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘तुझं तू बघ बाई.’ हे म्हणाले, ‘तुला जमेल तसं कर.’ मग पानं वाढली, सगळे जेवलो. मुलीला बालवाडीत कोण सोडणार, सासऱ्यांना इन्सुलिन कोण टोचणार, हा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चार ओळींचा अर्ज लिहिला, ‘घरगुती अडचणींमुळे’ असं कारण घातलं आणि मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवला. लेखात मी याला ‘मी ठरवलं’ म्हटलं. अर्जातलं अक्षर माझं होतं, एवढंच त्यात खरं. तुमचा पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

दुसरी जी गेली असेल म्हणालात, ती होती. यादीत माझ्यानंतरचं नाव तिचं. माझ्याच काउंटरला शेजारी बसायची, पदरात दोन वर्षांचा मुलगा. त्याला माहेरी ठेवून ती गेली. मी तिला सोडायला एसटी स्टँडवर गेले होते, शंकरपाळ्यांचा डबा दिला. गाडी सुटेपर्यंत आम्ही फक्त सामानाबद्दल बोललो. तीन वर्षांनी ती परत आली, पुढे बरीच वर चढली. तिचा मुलगा पहिले काही महिने तिला ओळख देत नव्हता, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. माझ्या नकाराची झळ तिला बसली, ही गोष्ट मी आजवर कुठेच लिहिली नव्हती.

दुसऱ्या नकाराबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. २००५ मध्ये पुन्हा नाव आलं तेव्हा मुलगी मोठी झाली होती, सासरे राहिले नव्हते, आणि हे स्वतःहून म्हणाले होते, ‘जा, मी बघतो इथलं.’ तेव्हा मी नाही म्हटलं ते मला काउंटर सोडायचा नव्हता म्हणून. ‘काउंटरवर बसून आयुष्य घालवणं’ असे शब्द तुम्ही वापरलेत. ते मला लागले, कारण तिथे काय चालायचं ते मला ठाऊक आहे.

त्या वेळी बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर नव्हतं. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी रक्कम असेल, तिच्यावर ते मिळायचं. म्हणजे दहा हजार रुपये अकरा तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज नाही, आणि अठ्ठावीस तारखेला काढले तरी नाही. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे एकोणतीस रुपये जायचे. भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना हे कोण सांगणार? मी सांगायचे. ‘मावशी, दहाच्या आत भरा’, ‘मामा, दोन दिवस थांबा, एक तारखेला काढा.’ १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर सुरू झालं आणि माझं हे सांगणं संपलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. पण आधीच्या पंचवीस वर्षांत ते सांगणारं माणूस काउंटरलाच लागायचं. केबिनमधून हे झालं नसतं.

अरुंधती भट्टाचार्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत: १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर, २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. बायकांना मुलांसाठी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेता येईल, ही सोय त्या बँकेत त्यांच्याच कारकिर्दीत झाली. वर बाई बसली की खालच्या बायकांसाठी काय होऊ शकतं, ते यातून दिसतं. हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. मी फक्त माझ्या खुर्चीपुरतं पाहिलं.

आता तुमच्या बढतीबद्दल. जा किंवा जाऊ नका, हे मी सांगणार नाही, पण १९९३ च्या त्या रात्री जे केलं नाही ते तुम्ही करा. घरातल्या सगळ्यांना जेवायच्या आधी बसवा, जेवल्यावर माणसं उठून जातात. एका कागदावर लिहा: मुलाला सकाळी शाळेच्या बसवर कोण सोडणार, ताप आला तर रजा कोण टाकणार, पालकसभेला कोण जाणार, तो रात्री आईसाठी रडला तर कोण जवळ घेणार. प्रत्येकापुढे नाव लिहून घ्या, ज्याचं त्याच्या हाताने. ‘बघू’ असं कुणी म्हणालं तर तेही तसंच लिहा. त्यानंतर होकार द्या नाहीतर नकार द्या, तो तुमचा असेल.

माझा तो लेख मी काढून टाकत नाही. पहिल्या नकाराच्या परिच्छेदातून ‘मी ठरवलं’ हे शब्द आज काढले, त्या जागी वरचा जेवणाचा प्रसंग घातला आहे. ज्यांनी तो तुम्हाला पाठवला त्यांना आता हा बदललेला लेख तुम्ही पाठवा. आणि उत्तर द्यायची तारीख टळायच्या आत त्या कागदावर काय काय लिहिलं गेलं ते मला कळवा. मी वाट बघते.