दोन सुयांचे पैसे का घेतले: दुकानाकडून उत्तर

नमस्कार. खानापूरहून चेंजर, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणारा प्लेयर, घेऊन आलात आणि दोनच स्टार देऊन गेलात. सुईचे पैसे दोनदा लावले, काम २ महिने रखडलं, आणि एवढं करून आजोबांच्या रेकॉर्डवर सुईचा हात गाणं संपल्यावर परत येत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

सुया दोन, कारण तुमच्याकडे रेकॉर्डही दोन जातीच्या. नाट्यगीतांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, एलपीला, म्हणजे नंतरच्या हळू फिरणाऱ्या रेकॉर्डला, २५ किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ वर टाकली की ती खाचेच्या तळाशी लोळते, गाण्यापेक्षा खरखरच जास्त. उलटं केलंत तर एलपी गेलीच. तुमच्या जुन्या सुईला दोन्ही टोकं होती, खटका फिरवायचा की झालं. नव्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई जिथे बसते त्या डबीला, सुया सुट्या आहेत.

कार्ट्रिज बदलावंच लागलं. जुनं क्रिस्टलचं होतं, त्यातलं रोशेल सॉल्ट नावाचं स्फटिक ओल धरतं आणि खराब होतं. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? आता सिरॅमिकचं बसवलंय. ते मिळेपर्यंतच वेळ गेला, पण तेवढ्यात एक फोनही केला नाही, ही माझी चूक. दुसरी सुईही विचारून लावायला हवी होती. तिचे पैसे परत देतो, सुई राहू दे. आणि ‘मग ब्लूटूथचा स्पीकर घ्या की’ असं म्हणालो, ते तोंडातून जायला नको होतं.

हात परत येत नाही, त्यात मात्र माझा दोष नाही. गाणं संपल्यावरच्या मोकळ्या खाचेत हात झपकन आत ओढला जातो, तेव्हा कुठे चेंजरला रेकॉर्ड संपल्याचं कळतं. बऱ्याच जुन्या ७८ वर ती खाचच नाही. तिथे सुईचा हात आपणच उचलायचा. एलपीवरही अडकत असेल तर घेऊन या, फुकट बघतो. तोवर शिलाई मशीनचं तेल घालू नका. ट्रिपच्या पत्तीवर, म्हणजे रेकॉर्ड संपल्यावर चेंजरला चालू करणाऱ्या पत्तीवर, कुणीतरी घातलेलं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडण्यात माझा एक दिवस गेला. ती पत्ती कोरडीच लागते.

येताना सुईचा हात दोऱ्याने बांधा, चेंजर, वडापमध्ये मांडीवर घ्या. अडकणारी रेकॉर्डही आणा. ७८ ची असेल तर स्पिरिटने पुसू नका, त्या तबकडीतली लाख विरघळते.