हेका कोणी आणल्यान?

आंब्याच्या हंगामात देवगडच्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते, अवकाळी पाऊस आणि वाशीचा भाव. आमच्या घरात यंदा तिसरी आली. पेट्यांची बिलं काढायला लॅपटॉप उघडला, तर डिस्कवर जागा नाही म्हणून त्याने हात वर केले. बिल सेव्ह होईना आणि खळ्यात टेम्पोवाला हॉर्न सोडीना. शेवटी बिलं हाताने लिहिली, आणि लॅपटॉपची साफसफाई पावसाळ्यावर ढकलली. आमच्याकडे सगळीच कामं पावसाळ्यावर ढकलतात आणि पाऊस लागला की गणपतीवर.

लॅपटॉप जुना आहे. त्यावर विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लग्नाचे व्हिडिओ आधीच पेनड्राइव्हवर गेले होते. उरली होती ती न दिसणारी अडगळ, म्हणजे पॅकेजेस, सॉफ्टवेअरची गाठोडी.

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर मागवलं की ते एकटं येत नाही. त्याला लागणारी पॅकेजेस येतात, मग त्यांना लागणारी येतात. डेबियन 12 जून 2023 मध्ये आलं तेव्हा त्याच्या भांडारात 64 हजारांहून जास्त पॅकेजेस होती, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या कुणाला तरी धरून. नाती मुख्यतः तीन तऱ्हेची. डिपेंड्स म्हणजे ह्याच्याशिवाय चालायचंच नाही. रेकमेंड्स म्हणजे असलेलं बरं. सजेस्ट्स म्हणजे बघा बुवा, वाटलं तर. पहिल्या दोन नात्यांतली मंडळी आपोआप येतात, तिसऱ्यातली येत नाहीत. गंमत पुढे आहे. घरात आलेलं पॅकेज फालतू म्हणून काढायची वेळ आली, की नुसतं सजेस्ट करणारा एखादा सोम्यागोम्यासुद्धा त्याच्या बाजूने उभा राहतो, आणि पॅकेजेस आणण्या-काढण्याचा कारभार बघणारं ॲप्ट त्याला हात लावत नाही.

हे सगळं मी तात्यांना सांगत होतो. तात्या माझे चुलतकाका, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या सामायिक जमिनीच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते फक्त त्यांनाच ठाऊक. त्यातली किती हयात आहेत, ते त्यांनाही ठाऊक नाही. नाव कोणाचं, कुठल्या फेरफाराने लागलं आणि निघणार कसं, याच्यापलीकडे निवृत्तीनंतर त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, तालुक्याला जायची सोय नव्हती, म्हणून चष्मा पुसून ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि स्क्रीनवरच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हेका कोणी आणल्यान?"

बोट लिबने सुरू होणाऱ्या एका लांबलचक नावावर होतं. लिब म्हणजे लायब्ररी, दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या कामी येणारा कोड, असल्या नावांची तिथे रांगच होती.

"कोणीतरी आणला असेल, तात्यानू."

"कोणीतरी म्हणजे? नोंद नाय?"

नोंद असते. कुठलं पॅकेज आपण नाव घेऊन मागवलं आणि कुठलं कुणाच्या तरी मागून आलं, हे ॲप्ट एक्स्टेंडेड स्टेट्स नावाच्या फाइलीत लिहून ठेवतं. मागून आलेल्यावर ऑटोची खूण असते, बाकी सगळे मॅन्युअल.

"म्हणजे गाव नमुना सहा, फेरफाराची वही," तात्या म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

त्यानंतर काम माझ्या हातात राहिलं नाही. ऑटोरिमूव्ह कमांड मॅन्युअल पॅकेजेसपासून निघते, त्यांची नाती धरत धरत पोचता येईल तिथवर पोचते, आणि जिथे पोचता येत नाही ते सगळं बिनकामाचं ठरवते. एकमेकांनाच धरून बसलेली दोन पॅकेजेस असली तरी तीही वाचत नाहीत. तात्यांना ही पद्धत बेहद्द आवडली. आधी एस लावून कमांड चालवली, म्हणजे नुसती तालीम होते, खरं काही निघत नाही. यादी आली ती एवढीशी. तात्यांचा चेहरा पडला.

कारण शोमॅन्युअलमध्ये, म्हणजे मॅन्युअल पॅकेजेसच्या यादीत दिसलं. ही मॅन्युअल मंडळी म्हणजे घराचे मालक, आणि मालकांचीच यादी लांबलचक. इन्स्टॉलर स्वतः जे टाकतो त्यातल्या पुष्कळशांवर मॅन्युअलची मोहोर मारून मोकळा होतो. शिवाय कुठेतरी वाचून एखादी लायब्ररी नाव घेऊन मागवली, की तीही कायमची मालकीण. यांना ॲप्ट कधीच फालतू म्हणणार नाही. उपाय एकच, मार्क-ऑटो देऊन खूण बदलायची. मग कुणाला गरज असेल तर ते राहील, नसेल तर पुढच्या फेरीत निघेल.

"मालकाचो वहिवाटदार केलंस?" तात्या माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघत म्हणाले. "आणि तो कोर्टात नाय गेलो?"

मग वारसतपास सुरू झाली. ॲप्टिट्यूड व्हाय ही कमांड पॅकेज का आलं त्याची साखळी दाखवते. मजकूर बोलून दाखवणारा ईस्पीक का? स्पीच डिस्पॅचरला आवाज हवा म्हणून. स्पीच डिस्पॅचर का? ओर्काला बोलायचं म्हणून. ओर्का कोण? ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. मी म्हटलं, आपल्याकडे काय उपयोग, काढूया. तात्यांच्या डाव्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

"रवांदे. माका लागतलो."

ईस्पीकला मराठी येतं, म्हणून त्याच्याकडून तात्यांचं नाव वदवून घेतलं. तात्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "खयचो ह्यो? घाटावरचो?" पण नाव राहिलं ते राहिलंच.

एक पत्त्यांचा खेळ मात्र तात्यांनाच नको होता. पोरं दिवसभर त्यावर असतात. तो काढायला सांगितला, तर ॲप्टने निर्विकारपणे कळवलं की त्याच्याबरोबर अख्ख्या डेस्कटॉपचं एक पॅकेजही जाईल, आणि मग पुढची भलीमोठी यादी आता गरजेची नाही. खिडक्या, मेनू, फाइल मॅनेजर, सगळं. तात्या दचकले. मी समजावलं, हे मेटापॅकेज आहे. त्याच्या पोटात प्रोग्रॅम वगैरे काही नसतो, नुसती नावांची यादी. तो खेळ त्या यादीत आहे, म्हणून खेळ गेला की मेटापॅकेज गेलं, आणि ते गेलं की त्याच्या आधाराने आलेले सगळे निराधार.

"एकुमॅ," तात्या ताडकन म्हणाले.

सातबाऱ्यावर नावापुढे ए.कु.मॅ. असतं ते. एकत्र कुटुंब मॅनेजर. स्वतःच्या हिश्श्याचा पत्ता नाही, पण सगळं कुटुंब त्याच्या नावामागे उभं. मी हव्या असलेल्यांवर आधी मॅन्युअलची खूण केली आणि मगच त्याला हात लावला. तात्या म्हणाले, आमच्या आजोबांच्या वेळी एवढी अक्कल कोणाला असती तर.

त्यांना धीर यावा म्हणून मी लेफ्ट-पॅडची हकिगत सांगितली. 2016 च्या मार्चमध्ये एका माणसाने वादातून आपली पॅकेजेस एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टवाल्यांच्या पॅकेज-भांडारातून, काढून घेतली. त्यात हे एक होतं, मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरणारं, जेमतेम 11 ओळींचं. जगभरच्या कितीतरी प्रकल्पांची बांधणी अडकली, आणि एनपीएमला ते परत आणून ठेवावं लागलं.

"अकरा ओळी," तात्या म्हणाले. "आमचा दीड गुंठ्यावरून चाललासा."

अखेर खरीखुरी ऑटोरिमूव्ह चालवली. नावं सरसर वर जाऊ लागली आणि बरोबर त्याच वेळी लाईट गेली. या लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून केव्हाच काढून टाकलीय. काळोखात तात्यांचा आवाज आला, "झाला. आता स्टे."

लाईट आली ती रात्रीच्या जेवणानंतर. ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काढ-घाल करणाऱ्या डीपीकेजीचं काम मध्येच तुटल्याची तक्रार होती आणि काय करायचं तेही त्याच ओळीत लिहिलेलं होतं. कॉन्फिगर-ए दिलं, त्याने अर्धवट कामं पुरी केली, मी राहिलेली यादी पुन्हा चालवली. सरकारी कागदावर अडचण आणि उपाय एकाच ओळीत मी अजून वाचलेले नाहीत.

जागा किती झाली? इतक्या वारसतपासातून निघालेल्या लायब्रऱ्या बहुतेक किलोबाइटांत मोजायच्या. घसघशीत जागा दिली ती जुन्या कर्नलांनी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, आणि ॲप्ट-गेटने उतरवून कॅश नावाच्या साठवणीत तशाच ठेवलेल्या फाइलींनी, ज्या एका क्लीन कमांडने निघतात आणि ज्यांना नातीगोती काही नाहीत. हे मी तात्यांना सांगितलं नाही. त्यांची संध्याकाळ चांगली गेली होती.

झोपायला उठता उठता त्यांनी पुन्हा पूर्ण यादी बघायला मागितली. काढलेली काही नावं तिथे होतीच, फक्त पुढे आरसी अशी अक्षरं. आर म्हणजे काढायला सांगितलंय, सी म्हणजे कॉन्फिग फाइल, सेटिंगची फाइल, अजून शिल्लक.

"कंसातले!" तात्या जवळजवळ ओरडले. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं की पुसत नाहीत, त्याला कंस करतात, आणि ते कंसात तसंच बसून राहतं. "ह्येंचा काय करतत?"

मी ॲप्ट पर्ज, मग नागमोडी रेघ, मग सी असं टाइप केलं आणि होय म्हटलं. कंसातले सगळे गेले. यादी पुन्हा काढली, तर नाव नाही, खूण नाही, काही नाही.

तात्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग खिशातून रेशनच्या पावतीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"ह्या हयसर लिवन दी. सोमवारी तलाठ्याक दाखवतंय."