खुलासा: अपघाताचा फोटो पाठवला म्हणजे ठिकाण कळवलं असं नव्हे

‘अपघातस्थळाचा फोटो ग्रुपवर टाका, त्यातलं लोकेशन रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांना आपोआप मिळतं’ हा फिरत असलेला संदेश चुकीचा आहे.

कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तरच फोटोत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ही नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते, पण धावपळीत ती उघडून पाहणार कोण? त्यापेक्षा लोकेशन पिनच पाठवावी.

पिनवरही डोळे झाकून विसंबू नये. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण ५ मीटर असते. उंच इमारतींमध्ये ती बरीच वाढते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर एवढ्यानं पिन पलीकडच्या मार्गिकेवर जाते आणि गाडीला पुढच्या वळणापर्यंत हेलपाटा पडतो. उड्डाणपुलावर की पुलाखाली, हेही पिन सांगत नाही. म्हणून सोबत वाहतुकीची दिशा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि वर की खाली एवढं लिहावं.

अक्षांश-रेखांशाचे आकडे वायरलेसवर सांगताना खरा घोळ होतो. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५० अंश; कुणी २०.३० लिहिलं की पथक सुमारे २२ किलोमीटर भलतीकडे. अंश-मिनिटांत की दशांशात, कोणत्या पद्धतीत सांगायचं, हे सर्व पथकांनी आधीच ठरवावं.

टँकर असेल तर जवळ न जाता, झूम करून फलकावरचा चार अंकी यूएन क्रमांक (आत कोणता धोकादायक पदार्थ आहे ते सांगणारा) टिपून तो मजकुरात लिहावा. पेट्रोलचा क्रमांक १२०३.