खोक्यावरच्या डीपीआयला भुलू नका
जुन्या फिल्म आणि स्लाइड घरी स्कॅन करण्याबद्दलच्या एका लेखात ‘सर्वात जास्त डीपीआयचा (म्हणजे एका इंचात जास्तीत जास्त ठिपके टिपणारा) स्कॅनर घ्या’ असं सुचवलंय, पण खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारा तपशील यांत बरंच अंतर असतं. एप्सन व्ही६०० या सपाट काचेच्या स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असतं. ३५ मिमी फिल्मवर खरा तपशील त्याच्या जेमतेम पाव. पुढे नुसती फाइल फुगते. प्लस्टेक ८२००आय या खास फिल्मसाठीच्या स्कॅनरवर ७२००, मिळतात साधारण निम्मे. पण तेवढे पुरेत: ३२०० डीपीआयला ३६×२४ मिमीची फ्रेम सुमारे ४५००×३००० पिक्सेलची होते. फक्त प्रत्येक फ्रेम हाताने सरकवायची, त्यामुळे हजारभर स्लाइड असतील तर चिकाटी हवी.

इन्फ्रारेड धूळसफाई (इन्फ्रारेड किरणांनी धूळ-ओरखडे हेरून सॉफ्टवेअरने ते पुसणं) रंगीत निगेटिव्हवर झकास चालते. कृष्णधवलवर मात्र बंदच ठेवा. तिथलं चित्र चांदीच्या कणांचं असतं; ते कण इन्फ्रारेड अडवतात, सॉफ्टवेअर त्यांनाच धूळ समजतं आणि चित्र खरवडून काढतं. (एक्सपी२ सारख्या, सी-४१ या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेने धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्म अपवाद, त्यांत शेवटी रंगद्रव्यच उरतं.) कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मच्या गडद भागातही असाच घोळ होतो.

आणि हो, पावसाळ्यात बुरशी धरलेली फिल्म ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, पाण्यात विरघळतं. डाग राहतो बाजूला, चित्रच फडक्यावर येतं. सुट्या धुळीला हातपंपाचा ब्लोअर पुरे.