आधी ती बेस ऐका

आज सकाळी वसतिगृहातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने 'जॉय डिव्हिजन' या जुन्या इंग्लिश रॉक बँडचे गाणे पाठवले आणि त्याखाली लगेच दुसऱ्याचा शेरा आला, "आत्महत्या केलेल्या माणसाची रडगाणी." दिवसभर तो शेरा डोक्यातून जात नाही.

१९९८ साली पुण्यात याच दुसऱ्या गृहस्थाच्या खोलीत मी हा बँड पहिल्यांदा ऐकला. कॅसेट कॉपीची कॉपी होती, टेपरेकॉर्डरचा एक स्पीकर बंद होता आणि गायक इयान कर्टिसचा एकही शब्द मला कळला नाही. ऐकू येत होती ती पीटर हुकची बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, जिला मी कितीतरी वेळ साधी गिटारच समजत होतो. (भिकार अ‍ॅम्प्लिफायरमधून आपले आपल्याला ऐकू यावे म्हणून तो वरच्या सुरांत वाजवू लागला, हे पुष्कळ नंतर वाचले.) गाणारा १८ मे १९८० रोजी, अमेरिका दौऱ्याच्या आदल्या दिवशी, तेविसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला, हेही ठाऊक नव्हते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा कोणाच्या मरणाचे रडे मी ऐकत होतो?

पंक हा त्या काळचा बंडखोर रॉक नुसता ओरडत होता, तेव्हा या चौघांनी त्या ओरडण्यात रिकामी जागा सोडली. १९७९च्या 'अननोन प्लेझर्स' या पहिल्या अल्बमसाठी निर्माता मार्टिन हॅनेटने इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत ड्रमवादक स्टीफन मॉरिसला एकेक ड्रम वेगवेगळा वाजवायला लावला. हुक आणि गिटारवादक बर्नार्ड समनर यांना तो थंडपणा मुळीच आवडला नव्हता. समनर मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डच्या ज्या वस्तीत वाढला, ती पाडली गेली होती. या गाण्यांतली उदासी एकट्या कर्टिसच्या आजारातून आली, असे म्हणणे म्हणजे उरलेल्या तिघांना पुसून टाकणे आहे.

मान्य, कर्टिसच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी आलेल्या 'क्लोजर' या अल्बममधले शब्द आता निर्विकारपणे ऐकता येत नाहीत. पण मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना कामे मिळवून देणारा, स्वतः अपस्माराचे झटके सोसत रंगमंचावर उभा राहणारा हा माणूस 'रडगाणी' या एका शब्दात कोंबताना लाज कशी वाटत नाही? उरलेल्या तिघांनी बँडचे जुने नाव सोडून 'न्यू ऑर्डर' उभा केला आणि १९८३मध्ये 'ब्लू मंडे' या गाण्यावर लोकांना नाचवले. २००२मध्ये न्यूयॉर्कच्या 'इंटरपोल' या बँडचा पहिला अल्बम ऐकताना मला पुन्हा तीच खोली आणि तोच एक स्पीकर आठवला.

मित्रा, रागावलो खरा. पण त्या रात्री बाजू संपल्यावर कॅसेट उलटायला तूच उठला होतास, मी सांगितलेले नसताना.