आधी नकाशा वस्तीत आणा, मग टेंडर काढा

झोपडपट्टीत सार्वजनिक संडास बांधायचा तर नकाशा ऑफिसात बनतो, टेंडर निघतं, कंत्राटदार येतो आणि नारळ फुटतो तेव्हा वस्तीला कळतं. सह्या मात्र आमच्याच घेतात आणि त्याला लोकसहभाग म्हणतात. मला याची चीड येते.

आमच्या भांडुपच्या टेकडीवरचा संडास बघा. दार आत उघडतं. बादली आत घेतली की ते लावायला जागा उरत नाही. पोटुशी बाई असेल तर तिचे हालच. ओढणी, पिशवी अडकवायला साधा खिळा नाही. बायका-पुरुषांचा रस्ता एकच, त्यामुळे अंधार पडला की मुली जात नाहीत, संध्याकाळपासून पाणी पिणंच टाळतात. मोठ्या भांड्यावर बसायची लहान पोरांना भीती वाटते, ती बाहेर गटारावर बसतात. यातलं काहीच अवघड नव्हतं. नकाशा काढण्याआधी रोज रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर तासाभरात सगळं कळलं असतं.

आणि हे या शहरात आधी झालेलं आहे. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन ही आपली संघटना उभी केली, सोबत १९८४ साली सुरू झालेली स्पार्क ही संस्था आणि जोकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, म्हणजे झोपडपट्टीत राहणाऱ्यांचा महासंघ. त्या बायकांनी आपल्याला हव्या त्या घराचा खऱ्या मापाचा नमुना बांबू-कापड लावून उभा केला आणि आत शिरून बघितलं. चूल कुठे, अंथरूण कुठे, आल्यागेल्याला कुठे बसवायचं. त्यातूनच १४ फूट उंचीची खोली पुढे आली, म्हणजे पोटमाळा काढता येतो. संडासांचंही तसंच. बायकांची रांग वेगळी, मुलांसाठी छोटी भांडी आणि धरायला दांडा, पाण्याची मोठी टाकी, राखणाऱ्याला राहायला खोली. हे सगळं वापरणाऱ्यांनी सुचवलं. जोकिनभाईंना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्यांच्या कामाची रीत पालिकेच्या अंगवळणी पडायला हवी होती, ती पडली नाही.

संडास चालवायला वस्तीची समिती नेमली की काम झालं, असंही मी मानत नाही. बऱ्याच ठिकाणी समिती म्हणजे मंडळाचे चार पुरुष, आणि संडास वापरायच्या महिन्याच्या पासाचे पैसे कुठे जातात ते कुणी विचारायचं नाही. सफाई करणाऱ्या माणसाला तर बैठकीला बोलावतही नाहीत, आणि ड्रेनेज कुठे तुंबतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. टेंडर निघण्याआधी नकाशा मराठीत आणि हिंदीत वस्तीत लावा. जागेवर चुन्याने आखणी करा, बायकांना त्यात उभं राहून बघू दे. बैठक रात्री नऊनंतर घ्या, सकाळी अकराला आमच्या बायका कामावर असतात. इंजिनीअर साहेबांनी स्वतः यावं. बायका 'हे नको' म्हणाल्या तर नकाशा बदलावा, आणि बदलला की पुन्हा आणून दाखवावा.