डोंबिवली आणि नऊ एके

एका लेखात १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला ‘दिसायला गोड, बाकी काही नाही’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एक्यांचा वर्ग. शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांडा: नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या स्तंभात नऊ एके येतात, बेरीज ९, हातचा कुठेच नाही. म्हणून चढण-उतरण साफ दिसते. दहा एके घेतलेत की मध्ये १० होतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ गायब!

अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, तोही वर्गच.

आणि मुंबईकरांनो, देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ नाव दिलं ते जीआयपी रेल्वेवरच्या (म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या) स्टेशनावरून. ते डेमलो म्हणजे आपली डोंबिवली! सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लटकताना मला तरी हातचा सोडून काही सुचत नाही.